ताजे, हिरव्या वासाचे पुरुषांचे परफ्यूम: जीआयटी, कूल वॉटर, त्रे नुई, ग्रे फ्लॅनेल... जास्तीचे पैसे नक्की कशाचे देतो आपण?

ओलंगवत

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे, आज जरा निवांत आहे म्हणून धागाच काढतो.

मला परफ्यूममध्ये एकच प्रकार मनापासून आवडतो, हिरवा. व्हॅनिलासारखं गोड नको, मसाले नकोत, जड ऊद नको. पान चुरगळल्यावर, देठ मोडल्यावर, गवत कापल्यावर जो ओला कच्चा वास येतो ना तो हवा, आणि त्याच्याखाली जरा स्वच्छ लाकूड किंवा शेवाळ. आता या प्रकारातले पुरुषांचे जे परफ्यूम आहेत त्यातले बरेचसे एकमेकांचे सख्खे नाहीतर चुलत भाऊ आहेत पण किमतीत जमीन अस्मानाचा फरक. क्रीड कंपनीच्या ग्रीन आयरिश ट्वीडच्या (यापुढे जीआयटीच म्हणतो) एका बाटलीच्या पैशात कूल वॉटरच्या कितीतरी बाटल्या येतील. मग हा फरक नाकाला कळतो का, आणि कळत असेल तर कुठे कळतो, हे मला स्वतःला बघायचं होतं.

गेला दीड महिना चार परफ्यूम आलटून पालटून लावतोय. जीआयटी १० मिलीचा डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून दिलेला) आहे, बाकीच्या तीन पूर्ण बाटल्या आहेत.

जीआयटी, १९८५ चा. लावल्यावर वर लिंबासारखी पण लिंबू नसलेली चमक येते, ती व्हर्बेनाची. मग लगेच व्हायोलेटची पानं. फुलं नव्हेत, पानं, म्हणजे काकडीची साल काढताना येतो तसा ओला, थोडा धातूसारखा वास. तासाभराने त्याच्याखालून आयरिसची मऊ पावडर वर येते आणि शेवटी अँबरग्रिसची खारट ऊब आणि चंदन. हे सगळं एकमेकात इतकं मिसळलेलं असतं की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

डेव्हिडॉफ कूल वॉटर, १९८८. सांगाडा तोच पण वर पुदिना आणि लॅव्हेंडर, त्यामुळे हिरव्यापेक्षा निळा जास्त. गवतावरून निघून पाण्याच्या काठाला आल्यासारखं वाटतं. पहिला अर्धा तास मला हाच सगळ्यात जास्त आवडतो हे प्रामाणिकपणे सांगतो.

आर्माफ त्रे नुई. हा उघड उघड जीआयटीच्याच वळणाचा. पहिली पंधरा वीस मिनिटं मनगट नाकाशी नेलं की मला दोन्हीत फरकच कळत नाही. नंतर मात्र तो सरळ एका रेषेत जातो, स्वच्छ साबणासारखा. वाईट अजिबात नाही, पण आयरिसचा तो मऊपणा मला त्यात सापडत नाही.

जेफ्री बीन ग्रे फ्लॅनेल, १९७५. हा वेगळ्याच घराण्यातला. कडवट, गॅल्बनम (एका झाडाचा हिरव्या वासाचा चीक), ओलं शेवाळ, सुरुवातीची वीस मिनिटं अंगावर येतो, मग हळूहळू शांत होऊन व्हायोलेटची पावडर उरते. चौघात सगळ्यात जास्त हिरवा हाच आणि किमतीत मात्र खालच्या टोकाला.

तर प्रश्न असा की दर्जा म्हणजे नक्की काय धरायचं? टिकणं? लांबवर दरवळणं? का आणखी काही? अनुभव लिहा, आणि रसायनशास्त्र जाणणारं कोणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

केवडा

छान धागा. मी कूल वॉटर कॉलेजपासून लावतोय आणि मला तरी त्याच्यापुढे जावंसं कधी वाटलं नाही. जीआयटी दोनदा टेस्टरमधून लावून बघितला, सुंदर आहे यात वाद नाही, पण माझ्या आनंदात तितक्या पटीने भर पडली का तर नाही. आणि ऐकीव माहिती अशी की दोन्ही एकाच माणसाने बनवलेत, खरं आहे का हे?

ओलंगवत

केवडा, हो आणि थोडं गुंतागुंतीचं. कूल वॉटर पिएर बूर्दों यांचं काम आहे हे जाहीरच आहे. जीआयटीवर क्रीडकडून ऑलिव्हिए क्रीड यांचं नाव असतं, पण त्यात बूर्दों यांचा हात होता असं परफ्यूमच्या जगात सर्रास मानलं जातं. दोन्ही शेजारी शेजारी लावले की पटतं.

साधामाणूस

ड्रायडाउन ड्रायडाउन म्हणतात ते म्हणजे शेवटी उरतो तो वास ना? मला तर चारही परफ्यूम शेवटी सारखेच वाटतील अशी शंका आहे.

रसायनी

धागाकर्त्याने हाक मारली म्हणून लिहितो, सुगंधी द्रव्यांशी कामाच्या निमित्ताने संबंध येतो माझा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुळात हिरवा वास हा सगळ्यात आधी उडून जाणारा वास आहे, आणि या धाग्यातला निम्मा गोंधळ त्यातूनच येतो. गवत कापलं की पानातली विकरं तिथल्या स्निग्धाम्लांना तोडतात आणि काही सेकंदांत छोटे छोटे रेणू तयार होतात, त्यातला एक सिस-३-हेक्झेनॉल, त्याला लीफ अल्कोहोलच म्हणतात. तो शुद्ध हुंगला तर नाकासमोर अख्खं कुरण उभं राहतं पण रेणू लहान असल्यामुळे भर्रकन उडतो. म्हणजे ज्या ताजेपणासाठी तुम्ही बाटली घेता तो ताजेपणा त्वचेवर फार वेळ राहूच शकत नाही, मग बाटली कितीही महाग असू द्या. परफ्यूमर काय करतो, तर हिरव्याचा भास पुढे चालू ठेवण्यासाठी त्याच्यामागे जरा जड, रेंगाळणारी द्रव्यं लावतो. व्हायोलेट पानांचा अर्क, गॅल्बनम, शेवाळ, वाळा. ती साखळी किती बेमालूम जोडली यावर सगळं अवलंबून.

व्हायोलेटच्या पानांचा काकडीसारखा वास येतो तो नोनाडायनाल नावाच्या रेणूमुळे, काकडीतही तोच असतो, त्यामुळे ओलंगवत यांचं नाक बरोबर आहे.

आता कूल वॉटर आणि जीआयटी या दोघांचा कणा म्हणजे डायहायड्रोमर्सेनॉल. हे द्रव्य आधी साबण आणि धुण्याच्या पावडरीत चालायचं कारण ब्लीचसमोरही ते टिकतं आणि स्वस्त आहे. १९८२ च्या ड्राक्कार नुआरने ते पुरुषांच्या परफ्यूममध्ये ठळकपणे आणलं आणि पुढे त्याची लाटच आली. त्यामुळे या कुटुंबातला कुठलाही परफ्यूम थोडा साबणासारखा वाटणारच. आपल्या नाकाला स्वच्छतेची ओळखच या रेणूने करून दिलीय. प्रश्न फक्त त्याच्याभोवती काय आहे हा.

तिथेच पैशाचा मुद्दा येतो. यंत्रावर टाकून एखाद्या परफ्यूममधली मुख्य द्रव्यं आणि त्यांचं प्रमाण बऱ्यापैकी शोधता येतं, क्लोन, म्हणजे दुसऱ्याच्या वासाची नक्कल करणारे परफ्यूम, तसेच बनतात. पण नैसर्गिक अर्कात शेकडो घटक अगदी बारीक प्रमाणात असतात, ते सगळे जसेच्या तसे उभे करणं कठीण आणि खर्चिक. आयरिसचं उदाहरण घ्या, त्याची मुळं काढल्यावर वर्षानुवर्षं वाळवत ठेवावी लागतात, तेव्हा कुठे त्यातली इरोन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात. त्याशिवाय मोठ्या सुगंध कंपन्यांची काही द्रव्यं असतात जी त्या बाहेर कुणाला विकतच नाहीत, फक्त स्वतःच्या परफ्यूमरना देतात. म्हणून क्लोन सुरुवातीला हुबेहूब आणि मधल्या तासांत सपाट, असं वारंवार दिसतं. सगळेच तसे नसतात, पण बघायची जागा तीच.

पानगळ_७

रसायनी, वाखुसा (वाचनखूण साठवली). असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

मी पैशाच्या बाजूने बघतो. एका स्प्रेमध्ये साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे १०० मिलीची बाटली हजार स्प्रेची. आता जो परफ्यूम चार स्प्रेमध्ये दिवस काढतो तो अडीचशे दिवस पुरला. जो दुपारी परत तीन स्प्रे मागतो तो सातावर गेला, म्हणजे १४२ दिवसच. म्हणजे वरवर स्वस्त वाटणारी बाटली दिवसाच्या हिशेबात तितकी स्वस्त राहत नाही. तरीपण, तरीपण, हा हिशेब मी माझ्या वहीत केलाय आणि या कुटुंबात सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यातलं अंतर एवढ्याने भरून निघत नाही, अंतर खूपच मोठं आहे. त्यामुळे महाग परफ्यूम जास्त टिकतो म्हणून शेवटी परवडतो असं कोणी सांगितलं तर कागद पेन घेऊन बसा. तो घ्यायचा तर वासासाठी घ्या, तो वास आवडतो म्हणून घ्या. बचत होते म्हणून घेऊ नका.

अजून एक, हजार स्प्रे हा आकडा डोळ्यासमोर ठेवला की मोठ्या बाटलीचा मोहसुद्धा कमी होतो. ज्याच्याकडे दहा परफ्यूम आहेत त्याने १०० मिली घेऊन करायचं काय? ३० मिली मिळत असेल तर ती घ्या, मिलीमागे थोडी महाग पडली तरी.

केवडा

पानगळ, मोठ्या बाटलीबद्दल १००% अनुमोदन. माझ्याकडे अर्ध्या राहिलेल्या बाटल्यांची रांग आहे आणि त्यातल्या लिंबूवर्गीय आणि हिरव्या होत्या त्यांचाच वरचा वास आधी गेला.

साधामाणूस

रसायनी, माझा अजून एक प्रश्न. माझ्या भावाला जीआयटीमध्ये व्हायोलेटची पावडर स्पष्ट येते म्हणतो आणि मला काही म्हणजे काही येत नाही. माझं नाक कमी आहे का?

रसायनी

साधामाणूस, नाक कमी वगैरे काही नाही. व्हायोलेटच्या फुलासारखा वास आयोनोन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. त्यातल्या बीटा-आयोनोनच्या बाबतीत माणसामाणसांत जन्मजात फरक असतो, ओआर५ए१ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे काहींना तो अगदी कमी प्रमाणातही फुलासारखा येतो तर काहींना बराच जास्त असल्याशिवाय कळत नाही आणि कळला तरी आंबट किंवा उग्र वाटतो. आयोनोन नाकाला लवकर बधिरही करतात, म्हणजे एकदा आला, गेला, दहा मिनिटांनी परत आला असं होतं. तुम्ही आणि तुमचा भाऊ एकच बाटली हुंगून दोन वेगळे परफ्यूम अनुभवताय असं समजा. म्हणूनच याच्या त्याच्या शिफारशीवर या प्रकारातली महाग बाटली न हुंगता घेऊ नये असं मी कळकळीने सांगतो.

मध्यमपंथी

मला क्लोन घेताना थोडं खटकतं, कोणीतरी डोकं लावून बांधलेली गोष्ट दुसऱ्याने उचलायची म्हणजे. पण कायद्याने बघायला गेलं तर मोठी गंमतशीर स्थिती झाली होती. २००६ च्या जूनमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं की परफ्यूमचा वास ही कॉपीराइट मिळावा अशी कलाकृती नाही, आणि नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या ट्रेझोर या परफ्यूमच्या खटल्यात म्हटलं की मिळू शकतो. दोन्ही युरोपातलेच देश, एकच आठवडा. मी त्यानंतर एवढंच ठरवलंय की क्लोन स्वतःच्या नावाने विकला जात असेल तर मला चालतो. मूळ बाटलीची नक्कल करून मूळ नावाने विकतात ती मात्र शुद्ध फसवणूक.

उत्तररात्र

मध्यमपंथी, तीच फसवणूक माझी झालीय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून खूप सूट आहे म्हणून एक नावाजलेला हिरवा परफ्यूम घेतला. खोकं बरोबर, सेलोफेन बरोबर, बॅच कोड तपासला तर तोही बरोबर. पहिला स्प्रे मारल्यावर पाच मिनिटं ठीक होता आणि अर्ध्या तासात नुसता स्पिरिटचा आणि कसल्यातरी गोडसर मस्कचा वास. नंतर टेस्टरशी ताडून बघितलं तेव्हा कळलं. कोड छापील असतो, तो कॉपी करता येतो हे तेव्हा लक्षात आलं. त्यामुळे कोड जुळला म्हणजे माल खरा असं समजू नका. आता मी अधिकृत विक्रेता नसेल तर आधी २ मिलीचा नमुना घेतो, वीस स्प्रे मिळतात, पाच दिवस नीट वापरून होतो.

देवचाफा

उशिरा आले धाग्यावर. दोन तीन गोष्टी.

एक म्हणजे पुरुषांचे म्हणून शोधाल तर हिरव्यातला फार मोठा खजिना सुटेल. गॅल्बनमचा सगळ्यात धीट वापर बायकांच्या परफ्यूममध्ये झालाय. बाल्मँचा व्हाँ व्हेर, जर्मेन सेलिए यांनी १९४७ मध्ये केलेला, त्याच्याशिवाय पुढचे हिरवे परफ्यूम समजतच नाहीत. गॅल्बनम म्हणजे फेरुला नावाच्या झाडाचा चीक, आपला हिंग ज्या वंशातला त्याच वंशातलं झाड. हे एकदा कळलं की ग्रे फ्लॅनेलची सुरुवात एवढी तिखट का ते उमगतं. शेंग मोडल्यासारखा, कच्चा, कडू, आणि मला अतिशय प्रिय. ओलंगवत, तुम्हाला अंगावर येतो म्हणालात, तर एकच स्प्रे मारा आणि तोही मानेपासून लांब, पोटावर कपड्याच्या आत. तिथून तो हळूहळू वर येतो.

ग्रे फ्लॅनेलबद्दल अजून. त्याच्या जुन्या बाटल्या आणि आताच्या यात शेवाळ बदललंय असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यामागे कारणही आहे. ओकमॉस म्हणजे परफ्यूममध्ये शेवाळाचा वास देणारं द्रव्य, त्यातले अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल हे दोन घटक काही लोकांना त्वचेची ॲलर्जी देतात म्हणून युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घातली, आणि ऑगस्ट २०२१ नंतर ते असलेला माल तिथे विकताच येत नाही. मग ते घटक काढून टाकलेलं ओकमॉस वापरायचं नाहीतर दुसरी द्रव्यं घालून ती जागा भरायची. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबून कुठलाही शेवाळी परफ्यूम घेऊ नका, आज बाटलीत जे आहे ते हुंगा.

दुसरं, या कुटुंबाच्या बाहेर पण हिरवं खूप आहे. अंजिराच्या पानाचा हवा असेल तर दिप्तिकचा फिलोसिकोस, १९९६, ओलिव्हिया जाकोबेती यांचा, त्यात पान आहे, चीक आहे, खोडाची साल आहे. वाळा हवा असेल तर गेर्लांचा व्हेटिव्हर स्वच्छ आणि उजेडातला, आणि लालिकचा आँक्र नुआर, २००६ चा, अंधारातला, ओल्या मुळांचा. व्हेटिव्हर हा शब्दच मुळी तमिळ वेट्टिवेरवरून गेलाय. वाळ्याची गंमत अशी की तो जड आहे, त्यामुळे हिरवा असूनही टिकतो. ज्यांना टिकण्याची तक्रार आहे त्यांनी इकडे वळावं, आँक्र नुआर तर किमतीच्या मानाने फार म्हणजे फारच देतो.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही सगळे बाटली बघून हुंगताय. त्यात डोळे आणि किंमत दोन्ही नाकाच्या आधी बोलतात. त्रिकोणी चाचणी करा. तीन कागदी पट्ट्या, दोनांवर एक परफ्यूम आणि तिसऱ्यावर दुसरा, पट्ट्यांच्या मागे खूण, आणि लावणारा माणूस वेगळा. वेगळी पट्टी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एकदा करून उपयोग नाही, किमान सहा वेळा. सहापैकी पाच बरोबर आले तर तो योगायोग असण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी, चार आले तर दहाच्या आसपास, आणि तीन किंवा कमी आले तर फरक कळतोय असं म्हणू नका.

पानगळ_७

देवचाफाताई, दंडवत. हे मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

ओलंगवत

देवचाफाताई, मनापासून आभार. करतो. जीआयटी विरुद्ध त्रे नुई करतो कारण माझा खरा गोंधळ तिथेच आहे. पट्ट्या लावायचं काम बायकोने घेतलंय. एका दिवशी एकच चाचणी, म्हणजे नाक थकणार नाही. प्रत्येक पट्टी दोनदा हुंगणार, दहा मिनिटांनी आणि तीन तासांनी. आठवड्याने लिहितो.

केवडा

तीन तासांनी हुंगताना पट्ट्यांचा क्रम परत बदलायला सांगा वहिनींना, नाहीतर सकाळचंच उत्तर डोक्यात राहील.

ओलंगवत

हो, बरी आठवण केलीत.

मध्यमपंथी

रसायनी, तोपर्यंत एक विचारतो. क्लोन घेतल्यावर महिनाभर बंद ठेवा, मुरू द्या, मग वास सुधारतो असं जिथे तिथे वाचतो. तथ्य आहे का?

रसायनी

थोडं आहे, सांगतात तितकं नाही. परफ्यूमचं खरं मुरणं बाटलीत भरायच्या आधी कारखान्यात होतं, तेल आणि अल्कोहोल एकत्र करून ठेवतात, मग थंड करून गाळतात. घाईने भरलेल्या मालात ते थोडं घरी होत असेल. पण महिन्याने जो फरक जाणवतो त्यात तुमच्या नाकाला त्या वासाची सवय झालेली असते हा भाग मोठा. हिरव्या परफ्यूमच्या बाबतीत तर मी उलटंच सांगेन. बाटली उघडून हवा आत गेली की लिंबूवर्गीय आणि हिरवी द्रव्यं हळूहळू बिघडायला लागतात. अंधारात, गारव्यात ठेवा, न्हाणीघरात नको, आणि वापरून टाका. मुरवत बसू नका.

ओलंगवत

मंडळी, झाल्या सहा चाचण्या. जसं झालं तसं लिहितो.

दहा मिनिटांनी: सहापैकी तीन बरोबर. म्हणजे देवचाफाताईंच्या हिशेबाने मला फरक कळत नाही. आणि जे तीन बरोबर आले त्यातही दोनदा मी चक्क अंदाज मारला होता.

तीन तासांनी: सहापैकी पाच बरोबर. पाचवी चाचणी चुकली, त्या दिवशी सर्दी होती. पण ती धरूनच सहापैकी पाच म्हणतोय, काढून टाकली नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतःहून केली. तीन तासांनी कुठली पट्टी जास्त आवडली तेही न बघता लिहून ठेवत होतो. सहापैकी चार वेळा जीआयटी, दोन वेळा त्रे नुई. म्हणजे फरक मला नक्की कळतो पण आवडीचं पारडं मी समजत होतो तितकं एका बाजूला झुकलेलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. बाटली समोर असताना मी दहापैकी दहा वेळा जीआयटी म्हणालो असतो हे मला आता लख्ख दिसतंय.

आणि फरक नक्की कशात होता, तर जिथे रसायनी म्हणाले होते तिथेच. तीन तासांनी जीआयटीच्या पट्टीवर अजून कुठेतरी पान शिल्लक होतं, कोमेजलेलं पण पान, आणि त्याच्यात आयरिस मिसळलेला. दुसऱ्या पट्टीवर स्वच्छ, नीटनेटका, धुतलेल्या शर्टासारखा वास होता पण पान गेलेलं होतं.

आता माझ्यापुरता निर्णय. ऑफिसला जाताना, प्रवासात, जिथे मी स्वतः मनगट हुंगत बसणार नाही तिथे त्रे नुई आणि कूल वॉटर. माझ्यासोबत बसणाऱ्याला दहा मिनिटांचाच वास मिळतो, त्याला तो पूर्ण मिळेल. सुट्टीच्या दिवशी, पुस्तक घेऊन बसायचं असेल तेव्हा जीआयटी, पण पूर्ण बाटली नाही, डिकँट संपला की परत डिकँट. दहा मिलीत शंभर स्प्रे, माझ्या वापराने सात आठ महिने सहज.

देवचाफा

किती प्रामाणिकपणे लिहिलंत! सर्दीची चाचणी ठेवलीत हे तर फारच आवडलं. फक्त एक लक्षात घ्या, कागदाची पट्टी आणि त्वचा यात फरक पडतो. त्वचेच्या उबेने सगळं लवकर उडतं, म्हणजे पट्टीवरचे तीन तास तुमच्या हातावर कदाचित दीड तासातच उरकतील. एकदा दोन हातांवर करून बघा, डावा उजवा कोणता ते वहिनींनाच माहीत असेल असं.

केवडा

आणि कूल वॉटरला चाचणीत घेतलंच नाही याचा मी निषेध नोंदवतो, पुढच्या वेळी त्यालाही घ्या.

ओलंगवत

केवडा, कूल वॉटर पुदिन्यामुळे पहिल्याच मिनिटाला ओळखू येतो हो, म्हणून नाही घेतला. पण तुमच्यासाठी तीन तासांची एक फेरी करतो, तिथे पुदिना उरलेला नसतो.

साधामाणूस

मी आणि भावाने पण केली, जीआयटी आणि त्रे नुईच. भाऊ तीन तासांनी सहापैकी सहा, मी सहापैकी दोन. मी त्रे नुई घेतोय, आणि मला आता जराही चुकल्यासारखं वाटत नाहीये.

रसायनी

साधामाणूस, अगदी योग्य खरेदी. तुमच्या नाकाला जे येतच नाही त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?

ओलंगवत, थंडीत हीच चाचणी परत करा. गारठ्यात हिरवी द्रव्यं सावकाश उडतात, दहा मिनिटांचा आणि तीन तासांचा हिशेब दोन्ही सरकतील.

ओलंगवत

करणार. या वेळच्या पट्ट्या तारखा टाकून वहीत चिकटवून ठेवल्यात. आज सकाळी वही उघडली तर ग्रे फ्लॅनेलची नऊ दिवसांपूर्वीची पट्टी, जी नुसतीच लावून ठेवली होती, तिला अजून शेवाळाचा वास येतोय. हिवाळ्यात आधी तिच्यापासून सुरू करतो.